'विंदू' संस्कृतातून आला म्हणे!

ओस्लोतला_सातारकर: परवा एकाची पोस्ट फिरत होती, नॉर्वेजियन 'विंदू' म्हणजे खिडकी, तो आपल्या 'वातायन'वरून उचललाय. डोकंच फिरलं. अहो, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'विंदाउगा', विंद म्हणजे वारा आणि आउगा म्हणजे डोळा, वाऱ्याचा डोळा! घासून घासून विंदू झाला. व्हायकिंगांनी इंग्लंडात नेला त्याचा विंडो झाला. वात आणि विंद एकाच आज्याची नातवंडं, मान्य, पण चुलतभावाला बाप कोण म्हणतं?

देववाणी_भक्त: मग 'गवाक्ष'चं काय? बैलाचा डोळा. तिथेही डोळाच, योगायोग वाटतं? स्वतःचं ते सगळं हलकं वाटायची सवयच लागलीय तिकडे गेलेल्यांना.

ओस्लोतला_सातारकर: नारळाला डोळे, उसाला डोळा, बटाट्याला डोळे. भोक नाहीतर खळगा दिसला की माणूस डोळा म्हणतोच, त्याला संस्कृत शिकावं लागत नाही. आणि माझ्या तिकडे असण्याचा काय संबंध?

बर्गनची_सून: तुमचं चालू द्या, माझी लेक आठवीत आहे, नॉर्वेजियन लिहायच्या इथे दोन रीती, बोकमोल आणि न्यूनॉर्स्क, तर न्यूनॉर्स्कच्या निबंधात बिचारीने 'विंदू' लिहिलं तर बाईंनी लाल पेनाने 'विंदाउगे' करून दिलं. घरात बोकमोल, शाळेत हे वेगळंच, एका खिडकीला दोन स्पेलिंगं कशाला हवीत मी म्हणते!

फ्योर्डकाठी: बाईंचं बरोबर आहे. न्यूनॉर्स्क घडवणारा ईवार ओसेन गावोगाव पायी फिरला, लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले, १८५० ला कोश काढला, म्हणून 'आउगे' शिल्लक राहिला. तुमचा 'विंदू' डॅनिश 'विंदुए'चा धाकटा भाऊ. नॉर्वेवर डेन्मार्कचं राज्य होतं तेव्हाची साहेबांची भाषा!

बर्गनची_सून: वा, म्हणजे आम्ही डेन्मार्कचे गुलाम? मार्क लेकीचे गेले हो, ओसेनचे नाही. आधी तिचा गृहपाठ घेऊन दाखवा मग कोश सांगा.

मडगावचो: आमची आजी आयुष्यभर 'जनेल' म्हणायची, सरळ पोर्तुगीज 'जानेला'. ती काय लिस्बनची झाली? भांडताय काय एवढे.

देववाणी_भक्त: जनेल सोडा, वातायनावर उत्तर नाही आलं.

ओस्लोतला_सातारकर: आलंय, वर चढून वाचा. फ्योर्डकाठी, ते डॅनिशचं मात्र घेतो, 'घासून घासून' जरा जास्तच सरळ सांगितलं मी, घासलं कोपनहेगनवाल्यांनी. भक्तसाहेबांना मात्र सांगू नका, उद्या डॅनिशही काशीची निघेल.