दिसायला स्वच्छ असलेलं पाणी : तुमचे अनुभव सांगा

खारपाणकर :
काल गावात पाणी तपासायला दोन पोरं आली होती. हापशाचं पाणी बाटलीत भरलं आणि चिठ्ठी न लावताच पिशवीत टाकलं. मी हातातलं काम सोडून गेलो, म्हटलं आधी नाव लिहा रे त्यावर. रात्री झोप नाही आली. २०११ डोळ्यांपुढे उभं राहिलं.

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. समुद्राचं पाणी पहिल्यांदा हाताला लागलं ते वीस लिटरच्या कॅनमधून. किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी सहायक होतो. ११ मार्चला जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली, फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातून किरणोत्सारी पाणी समुद्रात गेलं, आणि आपल्या किनाऱ्याचे कॅन आमच्याकडे जास्तच येऊ लागले.

पाण्यातलं किरणोत्सारी सिझिअम मोजायला धीर लागतो. अपघाताआधी समुद्रात ते हजार लिटरमागे १-२ बेकेरेलच होतं, तेही जुन्या अणुचाचण्यांचं. बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. एवढंसं सापडणार कसं? म्हणून पाण्यात आम्ल घालायचं (नाहीतर सिझिअम कॅनच्या भिंतीला धरतं), मग अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटची पिवळी पूड, अगदी बेसनासारखी. ढवळून रात्रभर ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी, खाली पिवळा गाळ, आणि सिझिअम त्या गाळात. तो डबीत भरून शिशाच्या पेटीत जर्मेनियमच्या डिटेक्टरवर दिवस-दिवस ठेवायचा. पडद्यावर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला बारीकसं टोक आलं की ते सिझिअम-१३७.

एकदा कॅनवरची चिठ्ठी भिजून निघाली. सर म्हणाले, ज्या पाण्याचं गाव माहीत नाही ते ओतून टाक. वीस लिटर मोरीत ओतताना रडू आलं होतं.

माझ्या हातून गेलेल्या नमुन्यांत नेहमीचंच निघालं. त्याच दिवसांत आई फोनवर विचारायची, तिकडचं पाणी चांगलं आहे ना रे? आणि ती स्वतः घरच्या विहिरीचं खारं पाणी पीत होती, जे कधीच कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही. २०१४ ला गेली, किडनीच्या आजारानं. पाण्यानंच झालं असं मला म्हणता येत नाही. मोजलंच नव्हतं तर कसं म्हणू?

तुमच्याकडच्या पाण्याचं सांगा.

वर्धेची सून :
दादा, आईचं वाचून हात थांबला. माझ्या सासूबाईही अशाच, स्वतःच्या दुखण्याचं कधी बोलल्या नाहीत.
तेव्हाचं मला मिठाचं आठवतं. किरणोत्सारापासून वाचायला म्हणून चीनमध्ये लोकांनी आयोडीनच्या मिठासाठी दुकानं रिकामी केली होती. मी शाळेत मुलांना सांगितलं होतं, त्या मिठानं काही होत नाही, थायरॉईडसाठीच्या गोळीत आयोडीन कितीतरी पट असतं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ तर ८ दिवसांत निम्मं होतं. कुकर झाला, येते.

तळ्याकाठचा :
आमी ढीवर, भंडाऱ्याकडले. २४ ऑगस्ट २०२३ ले जपाननं फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडलं, त्या आठवड्यात बाजारात जो तो विचारे, मासोळी समुद्राची हाये का? अरे बाप्पा, मामा (माजी मालगुजारी) तलावातली हाये, सकाळीच जाळ्यातून काढली! तरी दोन दिवस माल उरला. माय म्हणे, उरला त वाटून दे.

बेंबळाकाठ :
बेसन वाचलं आन् मले पिठल्याची याद आली 😄 राग मानू नका दादा.

खारपाणकर :
राग कसला, आम्हीही तेच म्हणायचो.
@तळ्याकाठचा, त्या पाण्यात मुख्यतः ट्रिटिअम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. तो पाण्याचाच भाग होऊन बसतो, गाळून निघत नाही. म्हणून लिटरला १५०० बेकेरेलच्या खाली येईल इतकं समुद्राचं पाणी मिसळून सोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १०,००० आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही स्वतंत्र नमुने तपासते. तुमच्या तळ्याशी त्याचा काही संबंध नाही, निर्धास्त विका.

पांढरकवड्याची :
आमच्याकडे फ्लोराईड. हापशाला लाल रंग मारून गेले, पण चांगला हापसा लांब आणि लाल हापसा दाराशी. उन्हाळ्यात डोक्यावर गुंड घेऊन कोण जाईल तिकडं? मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. लेकीच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, हसताना तोंडावर हात धरते. पाणी मात्र आरशासारखं, चवीला गोड. तेच सहन होत नाही.

वर्धेची सून :
@पांढरकवड्याची, ताई, तिला जवळ घ्या माझ्यातर्फे. कितवीला आहे?

पांढरकवड्याची :
नववी. कबड्डीत तालुक्याला पहिली 🙂

वावरातला :
मी टीव्हीवर पाह्यलं होतं, फुकुशिमाच्या दोन नंबरच्या रिअॅक्टरजवळच्या खड्ड्याले भेग गेली होती. त्यात भुसा काय, फाडलेले पेपर काय, सारं कोंबून पाह्यलं. शेवटी ६ एप्रिलले सोडियम सिलिकेटनं बुजली. आमचा पाट फुटला की आमी पोतं आन् चिखलच कोंबतो, तवा त्या मानसायची तगमग समजते. पाऊस कोनाकडे पडला का आज?

बेंबळाकाठ :
इकडं भुरभुर. तूर वाचली.

सेंदाईला होते :
मी मूळची अकोल्याची, २०११ ते १४ जपानात सेंदाईला. मासळीच्या पाकिटावर कुठल्या बंदराची ते वाचल्याशिवाय घ्यायचे नाही. एप्रिल २०१२ पासून सिझिअमची सरकारी मर्यादा किलोला १०० बेकेरेल झाली, पण फुकुशिमाच्या कोळ्यांनी स्वतःसाठी ५० च ठरवली. जून २०१२ ला त्यांनी थोडी थोडी मासेमारी सुरू केली ती ऑक्टोपस आणि शंखापासून. तळाशी राहणाऱ्या माशांना सगळ्यात उशिरा परवानगी मिळाली. फलकावर ‘आढळले नाही’ लिहिलेलं असायचं आणि शेजारी म्हातारा दुकानदार हात जोडून उभा. घेतलं मी. घरी येऊन कालवणाला तिखट जास्त पडलं, तरी सगळं संपवलं.

पांढरकवड्याची :
खारपाणकर दादा, मला दुसऱ्या हापशाचंही तपासायचं आहे. बाटली कशी भरू?

खारपाणकर :
प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, फ्लोराईडला काच नको. आधी चार-पाच मिनिटं हापसा चालवून जुनं पाणी जाऊ द्या. त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळा, मग काठोकाठ भरा. आणि चिठ्ठी भरायच्या आधी लावा : गाव, हापसा कुणाच्या घराजवळचा, तारीख, वेळ. पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई ओलीत पसरते. वरून चिकटपट्टी.

पांढरकवड्याची :
उद्या सकाळी लेकीलाच घेऊन जाते. अक्षर तिचं चांगलं आहे.