संगणकावर खरी वाटणारी बीएमएक्स सायकल: कोणता खेळ घ्यावा?

रावेरकर:
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यात राहतो आणि गेली चार वर्षे वीस इंची चाकांची बीएमएक्स सायकल चालवतो आहे. आमच्याकडे रॅम्प नाही. केळी भरण्याचा सिमेंटचा ओटा आणि पाटाच्या कडेचा उतार एवढ्यावरच मी बनीहॉप (दोन्ही चाकांनिशी उडी) आणि मॅन्युअल (पॅडल न मारता मागच्या चाकावर तोल धरून जाणे) शिकलो. मात्र आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास सकाळी दहानंतर हँडलच्या ग्रिपला हात लावता येत नाही, आणि दिवेलागणीपर्यंत ओटा तापलेलाच असतो. या दिवसांत निदान वेळ साधण्याची सवय टिकून राहावी म्हणून संगणकावरचा एखादा खेळ घ्यावा, असा विचार आहे. शाळेत असताना डेव्ह मिरा फ्रीस्टाइल बीएमएक्स हा २००० सालचा खेळ मी पुष्कळ खेळलो. पण त्यात बटण दाबले की करामत होते, आणि ती का जमली किंवा का फसली हे कळत नाही. मला ते कळायला हवे आहे. लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचे आहे, कंट्रोलर नाही. कीबोर्डवर भागेल का?

धुळ्याचा सायकलस्वार:
भाऊ, आपल्या अपेक्षेच्या सर्वांत जवळ जाणारा खेळ म्हणजे बीएमएक्स स्ट्रीट्स. बारस्पिन स्टुडिओजचा बीएमएक्स द गेमही याच वाटेवरचा आहे. आधी पहिल्याचाच विचार करावा, असे माझे मत आहे. कीबोर्डचा विचार मात्र सोडून द्यावा. कीबोर्डची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. आपल्याला अंग थोडे मागे, थोडे अधिक मागे असे न्यायचे असते, आणि ते कंट्रोलरच्या, म्हणजे हातात धरायच्या खेळयंत्राच्या, अंगठ्याने कलवायच्या काठीवरच शक्य आहे.

आपण ओट्यावर बनीहॉप करताना आधी दबता, मग हँडल ओढून पुढचे चाक उचलता आणि शेवटी हात पुढे ढकलून मागचे चाक वर घेता. खेळात काठी खाली ओढून धरणे आणि नेमक्या क्षणी वर सोडणे यात तोच क्रम उतरतो. सोडायला उशीर झाला तर मागचे चाक ओट्याच्या कडेला धडकते, आणि चूक कुठे झाली हे लगेच दिसते. गिरकीचेही तसेच आहे. हवेत गेल्यावर ढकलायला काही उरत नाही. जमीन सोडण्यापूर्वी खांदे वळवून जेवढा फेर घेतला तेवढ्यावरच भागवावे लागते, फार तर अंग आवळून तो थोडा वेगवान करता येतो.

रॅम्पवर वेग कसा मिळतो हे तर आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. आखाजीच्या झोक्यावर उभी राहिलेली मुलगी झोका तळातून जाताना गुडघे ताठ करते आणि टोकाला पुन्हा दबते, म्हणून तो चढत जातो. उताराच्या वळणात सायकलस्वार तेच करतो. चांगल्या खेळाने हे मानले पाहिजे. जिथे नुसते पुढचे बटण धरून वेग मिळतो, तो खेळ आपल्या कामाचा नाही.

अमळनेरहून:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण कंट्रोलरबाबत एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. मी स्वस्तातला कंट्रोलर घेतला होता. तीन महिन्यांनी सायकल सरळ सोडली तरी ती डावीकडे ओढू लागली, आणि पंधरा दिवस मी स्वतःच्याच अंगठ्याला दोष देत राहिलो. वस्तुतः काठीच्या आतला भाग झिजला होता. काठीचा मधला काही भाग निष्क्रिय ठेवण्याची सोय असते, पण तो फार वाढवला तर हलका तोल देता येत नाही. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी चुंबकीय सेन्सर असलेल्या काठ्यांचा कंट्रोलर घ्यावा आणि तो तारेने जोडून वापरावा.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तापला की स्वतःच गती उतरवतो. सेकंदाला ६० चित्रे असताना एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, ३० झाली की ३३. आणि इथे सारा खेळच क्षणाचा आहे. सावल्या बंद करून, बारीकसारीक सजावट कमी करून ६० वर मर्यादा घालावी, आणि शक्यतो पहाटे खेळावे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यास चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात हात बसणार नाही, पण लॅपटॉपला झेपते की नाही हे नक्की कळेल.

रावेरकर:
दोघांचेही मनापासून आभार. जळगावहून चुंबकीय काठ्यांचा कंट्रोलर मागवला आणि बीएमएक्स स्ट्रीट्स घेतला. सावल्या बंद केल्यावर तो चालतो. दुपारी मात्र अडखळतो. पहिल्या चार दिवसांत सपाट जमिनीवरच्या बनीहॉपशिवाय काहीही केले नाही, आणि त्यातच एक गोष्ट उलगडली. खेळात मागचे चाक वारंवार अडकत होते, कारण मी काठी घाईने सोडत होतो. आज पहाटे साडेपाचला ओट्यावर गेलो, तर तिथेही तीच घाई माझ्या हातात सापडली. हँडल वर येईपर्यंत थांबून मग ढकलले, तेव्हा दहापैकी सहा वेळा मागचे चाक कडेला न लागता वर आले. मॅन्युअल मात्र खेळात अजून तीन हातांपुढे जात नाही. त्याबद्दल कुणाला सांगता आले तर मी वाट पाहतो आहे.