न्यू जर्सीत स्कूल बोर्डाची निवडणूक लढवावी का?

मिडलसेक्सकर (विचारणा):
मध्य न्यू जर्सीतील एका टाउनशिपमध्ये मी बरीच वर्षे राहत असून अमेरिकेचा नागरिक आणि नोंदणीकृत मतदार आहे. धाकटी मुलगी सहावीत आहे. आमच्या शाळांच्या बसचे काही मार्ग बंद झाले आणि त्याच सुमारास गणिताच्या वरच्या तुकडीत प्रवेश देण्याचे निकषही बदलले. दोन्ही विषयांवर बोर्डाच्या, म्हणजे येथील सार्वजनिक शाळांवर देखरेख करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, सभेत ठरलेली तीन मिनिटे बोलून आलो. सदस्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आभार मानले आणि पुढचा विषय पुकारला. तेव्हापासून मित्रमंडळींचा आग्रह आहे की बाहेरून बोलत बसण्यापेक्षा येत्या नोव्हेंबरात मीच उभे राहावे. या कामाला किती वेळ द्यावा लागतो, पक्षाचा पाठिंबा लागतो का आणि आपल्या मराठी मंडळींच्या मतांवर कितपत विसंबता येते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. जाता जाता, माझी पत्नी याच शाळा जिल्ह्याच्या (म्हणजे याच बोर्डाखालील) एका प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. त्याने काही अडचण येऊ नये असे वाटते.

माजी सदस्य:
आपण जाता जाता लिहिलेली गोष्टच खरे तर पहिली आहे. पत्नीच्या नोकरीमुळे उमेदवारीला बाध येत नाही, पण राज्याच्या शालेय आचारसंहितेनुसार ज्याच्या घरातील व्यक्ती त्याच जिल्ह्यात नोकरीला आहे, अशा सदस्याला कर्मचारी संघटनेशी होणाऱ्या वेतनकराराच्या वाटाघाटींत भाग घेता येत नाही, करारावर मत देता येत नाही आणि सुपरिंटेंडंटची (जिल्ह्यातील शाळांच्या मुख्य प्रशासकाची) निवड व मूल्यमापन या कामांतूनही बाजूला राहावे लागते. जिल्ह्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगार आणि आरोग्य विम्यावर जातो, आणि बोर्डाचा सर्वांत मोठा निर्णय म्हणजे सुपरिंटेंडंट कोण असावा हा. या दोन्ही वेळी आपल्याला खोलीबाहेर जावे लागणार असेल, तर मत मागताना हे मतदारांना आधीच सांगणे योग्य ठरेल.

दुसरी गोष्ट अधिकाराची. एकट्या सदस्याला काहीही अधिकार नसतो. बहुतेक ठिकाणी नऊ सदस्य असतात आणि आपण त्यांतील एक मत. शाळा चालवणे हे सदस्याचे काम नाही, त्या नीट चालतात की नाही हे इतरांच्या जोडीने पाहणे हे त्याचे काम, असे आचारसंहितेतच म्हटले आहे. शिक्षकाची नेमणूकसुद्धा सुपरिंटेंडंटने शिफारस केल्याशिवाय बोर्डाला करता येत नाही. त्यामुळे ‘मी निवडून आलो की गणिताचे निकष पूर्ववत करीन’ असे आश्वासन देऊ नका. निकष कोणत्या आकडेवारीवर ठरले, ती जाहीर सभेत मांडा, असे मात्र आपण धरून बसू शकता आणि पाच मते जमली तर धोरण बदलूही शकता.

बसचे म्हणाल, तर त्याचे मूळ अंदाजपत्रकात आहे. शाळांसाठीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या वाढीवर राज्याने 2 टक्क्यांची मर्यादा घातली आहे; तिला काही अपवाद आहेत, पण विम्याचे हप्ते आणि विशेष शिक्षणाचा खर्च त्याहून वेगाने वाढला की कात्री बस, ग्रंथालय आणि खेळांवरच चालते. 2012 च्या कायद्यानंतर ज्या जिल्ह्यांनी निवडणूक नोव्हेंबरात नेली, तेथे मर्यादेतील अंदाजपत्रकावर जनतेचे मतदान होत नाही, म्हणजे बोर्डाचा शब्द अखेरचा. या कामाचे खरे वजन माझ्या मते येथे आहे.

कार्यकाळ तीन वर्षांचा आणि मानधन शून्य. सभा महिन्यातून एक-दोन संध्याकाळी असतात, पण वेळ खाते ती शुक्रवारी संध्याकाळी येणारी शेकडो पानांची विषयपत्रिका. तिच्यात छताच्या दुरुस्तीचे वाढीव बिल असते, बदली शिक्षकांचे दर असतात आणि बाहेरच्या खास शाळेत पाठवलेल्या मुलांची फी असते, तीही नावाऐवजी क्रमांकाने लिहिलेली. हे वाचण्यात ज्याला रस नाही त्याने उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रचारातला कार्यकर्ता:
मतांविषयी थोडे लिहितो. मतपत्रिकेवर या उमेदवारांपुढे पक्षाचे नाव नसते. आतून पक्षांची मदत होते, ती गोष्ट वेगळी. गणेशोत्सवात हस्तांदोलन करणाऱ्यांपैकी अनेक जण ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असतात आणि त्यांना मत नसते. जे नागरिक आहेत त्यांतलेही कित्येक जण वरच्या पदांसाठी मत देऊन मतपत्रिकेच्या तळाचा स्कूल बोर्डाचा रकाना कोरा ठेवतात. त्यामुळे आपल्या मंडळींना ‘शेवटपर्यंत खाली या’ हे सांगणे हाच अर्धा प्रचार आहे. टपाली मतपत्रिका मतदानाच्या 45 दिवस आधीपासून निघू लागतात, तेव्हा ऑक्टोबरात जागे झालात तर उशीर झाला.

दिवाळीच्या सुटीचा मुद्दा जरूर घ्या, पण त्यावरच उभे राहू नका. सुटी वाढली तरी शाळेचे 180 दिवस भरावेच लागतात, म्हणजे जूनमध्ये एक दिवस वाढतो किंवा दुसरी सुटी जाते, आणि ती कोणती हे विचारणारे पालक समोर बसलेले असतात.

निवृत्त शिक्षिका:
प्रचाराचा व्हॉट्सॲप गट निवडणुकीनंतर बंद करा. बोर्डाचे बहुसंख्य सदस्य एखाद्या गटात कामकाजावर चर्चा करू लागले तर ती 1975 च्या खुल्या सभांच्या कायद्याचा भंग करणारी छुपी सभा ठरू शकते. मराठी माणसाला गटात मत व्यक्त केल्यावाचून राहवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

मिडलसेक्सकर:
सर्वांचे आभार. पत्नीशी बोललो. तिला मुलांमध्ये रमवणारी ही नोकरी सोडायची नाही आणि मीही तसे सुचवणार नाही. वेतनकरारापासून दूर राहूनही बस, अभ्यासक्रम आणि इमारती या विषयांवर काम करता येईल असे वाटते. प्रचारपत्रकात हे बंधन पहिल्याच परिच्छेदात लिहीन. अर्जाचे तेवढे सांगावे.

माजी सदस्य:
नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी अर्ज काउंटी क्लर्कच्या (काउंटीच्या निवडणूक कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी 4 वाजेपर्यंत द्यावा लागतो. अर्ज त्याच वर्षीचा घ्या आणि त्यावर छापलेल्या संख्येच्या दीडपट पाठिंब्याच्या सह्या जमवा, कारण सही करणारा आपल्याच शाळा जिल्ह्याचा नोंदणीकृत मतदार असावा लागतो आणि शेजारच्या गावातील मित्राची सही बाद होते. निवडून आल्यावर बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी होते, दरवर्षी आर्थिक हितसंबंधांचे विवरण भरावे लागते आणि पहिल्या वर्षात प्रशिक्षण सक्तीचे असते. पत्नीच्या नोकरीची नोंद त्या विवरणात पहिल्याच वर्षी येईल.