'एशिया'च्या तोफमजल्याचं मॉडेल : एका तोफेवर माणसं किती, कोण कुठे?

कागदी_गलबत (प्रश्न)

मुंबई गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'एचएमएस एशिया'च्या खालच्या तोफमजल्याचा एक तुकडा १:२४ मापात करायला घेतलाय. गिरगावातल्या एका शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे. प्रसंग नवारिनोच्या लढाईचा (ग्रीसच्या किनाऱ्यावरचं बंदर; ब्रिटिश, फ्रेंच, रशियन विरुद्ध तुर्की-इजिप्शियन ताफा), २० ऑक्टोबर १८२७.

लाकूडकामाची अडचण नाही, माणसांची आहे. ३२ पौंडी तोफेवर किती जण दाखवायचे, कोणाच्या हातात काय द्यायचं? दारू कोठारातून वर कशी यायची? मरीन (जहाजावर लढणारे बंदूकधारी सैनिक) कुठे उभे करू? 'गोळा भरला, बत्ती दिली' एवढं सगळीकडे वाचायला मिळतं, त्यापुढचं हवंय. वाडियांचं नाव मुलांना माहीत असतं, पण त्यांनी बांधलेलं जहाज लढताना आतली माणसं काय करत होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

रंजक

माणसं मोजण्याआधी एशिया उभी कशी होती ते बघा. ती बंदरात नांगर टाकून लढली. एका बाजूला शत्रूच्या ताफ्यातल्या कपुदान बे या सरदाराचं जहाज, दुसऱ्या बाजूला मुहर्रम बे या दुसऱ्या सरदाराचं. ३२ पौंडी तोफेची पूर्ण टोळी म्हणजे चौदाच्या आसपास माणसं आणि दारू आणणारा एक पोऱ्या. पण ही टोळी समोरासमोरच्या दोन तोफांसाठी मिळून असायची. एकाच अंगाने लढायचं तर सगळे एका तोफेवर. दोन्हीकडे तोंड द्यायची वेळ आली की निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तेव्हा दोन्हीकडे चौदा-चौदा बसवू नका. नवारिनो दाखवायची तर सात-सात ठेवा, म्हणजे प्रत्येक जण दोघांचं काम करतोय हे दिसेल.

तोफेचं वजन पावणेतीन टन, लांबी साडेनऊ फूट, म्हणजे तुमच्या मापात १२ सेंटिमीटर. बार उडाला की गाड्यासकट एवढं ओझं मागे येतं. त्याला रोखणारा मागचा दोर मनगटाएवढा जाड असतो, तुमच्याकडे साधारण सव्वादोन मिलिमीटरचा. त्याला ढील इतकीच, की तोफेचं तोंड खिडकीच्या आत हातभर येऊन थांबेल. ढील कमी पडली तर तोंडातून भरताच येत नाही. दोर तुटला तर तोफ मजल्यावर मोकाट सुटते आणि मागच्या माणसांना चिरडते. म्हणून चालू लढाईत ठीक तोफेच्या मागे एकही आकृती ठेवू नका, सगळे बाजूला.

आता भरण्याचा क्रम. तोफ मागे आली की एक जण चामड्याची टोपी चढवलेला अंगठा तोफेच्या कानावर, म्हणजे मागच्या बत्ती द्यायच्या छिद्रावर, घट्ट दाबतो. दुसरा मळसूत्री आकड्याने आत राहिलेल्या थैलीच्या चिंध्या ओढून काढतो, मग मेंढीच्या कातड्याचा ओला पोचारा तळापर्यंत फिरवतो. त्यानंतर फ्लॅनेलची दारूची थैली, साडेचौदा किलोचा गोळा, वर जुन्या दोराचा बोळा. गजाने ठासायचं. बोळा नसेल तर जहाज कललं की गोळा पुढे घरंगळतो. मग दोन्ही बाजूंचे कप्पी-दोर ओढून तोफ खिडकीबाहेर काढायची. कानातून सुई घालून थैलीला भोक पाडायचं, बारीक दारू भरलेली पिसाची नळी खोचायची, चकमकीचा चाप चढवायचा, आणि टोळीचा म्होरक्या दोरी ओढतो. चाप दगा देईल म्हणून जळती बत्ती टबात तयार असतेच.

अंगठ्याचं काम सगळ्यात क्षुल्लक दिसतं, पण जीव त्यावरच असतो. कान उघडा राहिला तर थैली ठासताना आतली हवा जोराने कानाकडे धावते, उरलेला निखारा फुलतो आणि गज हातात असतानाच बार उडतो. ठासणाऱ्याचे हात जातात. ही आकृती जरूर दाखवा, मॉडेलमध्ये तीच हमखास राहून जाते.

पूर्ण भरणीला दारू गोळ्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाच किलोच्या आसपास. दोन गोळे एकदम ठासायचे असतील तर दारू कमी करायची. लढाई लांबली की तोफ तापते आणि जास्त उसळते, तेव्हाही कमी करायची. तयार टोळी दीड-दोन मिनिटांत एक बार काढायची, पण हा वेग सुरुवातीचा. नवारिनोची लढाई दुपारपासून संध्याकाळपर्यंत चालली. तेवढा वेळ पावणेतीन टन दोरांनी ओढत राहायचं, हे मुलांना सांगाच.

गोदीकर

वर तोफेचं नेमकं आलंय, मी दारूच्या वाटेचं लिहितो.

दारूकोठार पाण्याच्या पातळीखाली. आत दिवा न्यायचा नाही. शेजारच्या बंदिस्त खोलीत कंदील, मध्ये काच, आणि काचेतून येईल तेवढाच उजेड. पिंपांचे पट्टे तांब्याचे, कारण लोखंडाची ठिणगी पडते. पायात फेल्टच्या सपाता. दारात जाड लोकरीचे पडदे पाण्याने भिजवून टांगलेले, आणि त्यांच्या फटीतून एकेक थैली बाहेर द्यायची. पोऱ्या ती झाकणाच्या नळकांड्यात घालून तोफेपाशी आणतो, रिकामं नळकांडं घेऊन परत जातो. (पोऱ्या म्हटलं तरी हे काम मोठी माणसंही करायची.) झाकण फक्त भरतेवेळी उघडायचं.

चूक होते ती घाईची. फेऱ्या वाचवायला कोणी चार थैल्या तोफेशेजारी रचून ठेवल्या, तर शेजारच्या चापाची एक ठिणगी पुरते.

याचा पुरावा सुमारे नव्वद वर्षांनी मिळाला. ३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांच्या 'इंडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या तीन बॅटलक्रूझर (मोठ्या, वेगवान युद्धनौका) स्फोटांनी फुटल्या, तीन हजारांहून जास्त माणसं गेली. तोफा भराभर चालाव्यात म्हणून कोठारांची दारं उघडी ठेवलेली, कॉर्डाइटच्या (तोफांच्या नव्या प्रकारच्या दारूच्या) रेशमी थैल्या डब्यांतून काढून रचलेल्या. बुरुजात (तोफांच्या फिरत्या चिलखती खोलीत) लागलेली आग त्या वाटेने खाली उतरली. त्यांच्याच जोडीची 'लायन' वाचली, कारण तिच्या 'क्यू' बुरुजावर मरीन दलाचे मेजर फ्रान्सिस हार्वी होते. प्राणघातक जखमा झालेल्या असताना त्यांनी कोठाराची दारं बंद करून आत पाणी सोडायला सांगितलं. आग नंतर खालपर्यंत गेली, बुरुजाखालची माणसं दगावली, पण कोठार भिजलेलं होतं. हार्वींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या मते नौदलाच्या लढाईत शौर्याइतकंच एक दार बंद असण्याला मोल आहे. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात ठेवल्याने झालेला स्फोट ज्या शहराने पाहिला तिथल्या मुलांना हे चटकन कळेल.

कागदी_गलबत

दोघांचेही मनापासून आभार. सात-सातचा मुद्दा मिळाला नसता तर सगळं मॉडेल चुकलं असतं. दोन गोष्टी राहिल्या : मरीन, आणि नेम. धुरात नेम कसा धरायचे?

शीडदोर

नेमाचं आधी. इतक्या जवळून लढताना उंची बदलायची गरज फार पडत नाही, मागची लाकडी पाचर सपाट खुणेवर ठेवायची. दिशेसाठी लाकडी पहारींनी गाडा सरकवायचा. धुराचं खरं उत्तर 'शॅनन' या ब्रिटिश युद्धनौकेच्या कॅप्टन फिलिप ब्रोकने काढलं होतं. त्याने प्रत्येक तोफेमागे मजल्यावरच दिशेच्या रेघा कोरून घेतल्या, म्हणजे समोरचं दिसलं नाही तरी वरून सांगतील त्या रेघेवर गाडा लावायचा. १ जून १८१३ला बॉस्टनजवळ त्याने 'चेसापीक' ही अमेरिकन युद्धनौका पाव तासाच्या आत जिंकली. शॅनन 'लीडा' वर्गातली (एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांतली), म्हणजे १८१७मध्ये मुंबईत तयार झालेल्या आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेल्या 'त्रिंकोमाली'ची बहीण. मात्र एशियावर अशा रेघा दाखवू नका, ती सोय सगळ्या जहाजांवर नव्हती.

मरीन तीन ठिकाणी. एक तुकडी वरच्या उघड्या मजल्यांवर बंदुका घेऊन. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नाही, पण नांगरलेल्या जहाजांमध्ये तेवढं अंतर पुरतं. दुसरे, जिन्यांच्या तोंडाशी आणि कोठाराजवळ पहारेकरी. जिन्यावरचा पहारा कोणी कामाशिवाय खाली पळू नये म्हणून. पोऱ्यांना आणि जखमी वाहणाऱ्यांना वाट. तुमच्या तुकड्यात जिना येत असेल तर तिथे एक मरीन हवाच. तिसरे, तोफांवर. डोलकाठीवर चढायची सक्ती मरीनवर नसायची, पण तोफ ओढायला ते खलाशांच्या बरोबरीने असत.

जमिनीवर ओली वाळू पसरा, बरेच खलाशी अनवाणी, पाय घसरू नयेत. डोक्याला कानांवरून रुमाल बांधलेले दाखवा. अशा बंद मजल्यावर बारांचा आवाज कानठळ्या बसवून कायमचं बहिरेपण देऊन जायचा. आणि भिंतीला एक भगदाड करणार असाल तर आतल्या बाजूला लाकडाच्या लांब, टोकदार ढलप्या उडालेल्या दाखवा. गोळ्यापेक्षा जखमा त्यांनीच जास्त व्हायच्या.

लाल कोट फक्त पहाऱ्यावरच्या मरीनला द्या. तोफ ओढणारे मरीन कोट काढून सदऱ्यावर काम करायचे, त्यांना खलाशांसारखंच रंगवा.