गॅसवर चढाला गाडी मिस मारते, पेट्रोलवर मात्र सरळ चालते. प्लग वायर बदलू का?

टोमॅटोवाला, नारायणगाव:

नमस्कार मंडळी. माझी सीएनजी पिकअप आहे, चार सिलिंडरची, पेट्रोलवरही चालते. सीझनला नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो, ओतूर-माळशेजमार्गे. जाताना माल भरलेला असला तरी घाट उताराचा, त्यामुळे काही जाणवत नाही. येताना रिकामे क्रेट घेऊन घाट चढायला लागलो की तिसऱ्या गिअरला गाडी धक्के मारते. पाय जास्त दाबला की आणखीच. पाऊस-धुकं असलं तर विचारूच नका. पेट्रोलचं बटण दाबलं की तिथल्या तिथे सरळ होते.

प्लग नुकतेच बदललेत. प्लगला ठिणगीचा करंट नेणाऱ्या वायर मात्र गाडीबरोबर आलेल्याच आहेत आणि गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेलीय. स्कॅनरला पी०३०२ येतो, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटायचं चुकतंय (मिस) असा कोड, मधूनच पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा. एका गॅरेजवाल्याने गॅसचे इंजेक्टर आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलंय, खर्च ऐकून झोप उडाली. दुसरा म्हणतो, इंजिन चालू ठेवून एकेक वायर उपटून बघू, लगेच कळेल. तसं करू का? आणि वायर घरी बदलता येतात का? ऐन सीझनमध्ये गाडी उभी ठेवणं परवडत नाही.

घाटावरचा, चाकण:

आधी उंदराने कुरतडलंय का बघा. क्रेटला टोमॅटोचा वास असतो, रात्री उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. माझ्या गाडीची वायर खालच्या बाजूने खाल्ली होती, वरून अगदी चांगली दिसत होती. हात फिरवल्यावर सापडली.

मिरजेचा वायरमन:

चालू इंजिनवर वायर उपटू देऊ नका. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (फिरत्या रोटरने एकेका प्लगला करंट वाटणाऱ्या) गाड्यांवर ही पद्धत चालून गेली. तुमच्या गाडीत वायर मोकळी सुटली की कॉईलमधलं, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या डब्यातलं, हजारो व्होल्ट जायला वाट शोधतं, त्यात कॉईल जाते, कधी ईसीएमही. न जळालेला गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) जाऊन तो लाल होतो ते वेगळंच. शिवाय गॅसची गाडी आहे, कुठे बारीक गळती असेल तर उघड्या ठिणगीजवळ तोंड घालून उभं राहायचं का?

आता तुमचा दोष. गॅसवर ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढाला पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मग आणखी जास्त लागतं. वायरच्या रबराला भेग असेल तर ते व्होल्टेज प्लगच्या टोकाकडे न जाता भेगेतून सरळ हेडवर (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणावर) उतरतं. ओल असली की त्याला ती वाट आणखी सोपी. म्हणून रिकाम्या, सपाट रस्त्याला किंवा पेट्रोलवर हीच वायर निभावून नेते. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं इथे जुळतात.

पी०३०२ आणि पी०३०३ जोडीने येतायत, त्यातही खूण आहे. बॉनेट उघडून कॉईल बघा. दोनच कॉईल असतील आणि प्रत्येकीतून दोन वायर निघत असतील, तर एक कॉईल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला चालवते. करंट एका प्लगमधून हेडमध्ये आणि हेडमधून दुसऱ्या प्लगवाटे परत कॉईलला जातो. त्यामुळे २ ची वायर तुटली तर ३ लाही त्रास होतो. दोष २-३ च्या जोडीत आहे, वायरमध्ये नाहीतर कॉईलमध्ये. इंजेक्टरचा विचार त्यानंतर.

हे तपासायला मल्टीमीटर पुरतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. वायर काढताना रबरी टोपीला धरा, अर्धा पीळ द्या, मग ओढा. वायरला धरून ओढली की आतली कार्बनची दोरी टोपीपाशी तुटते. बाहेरून काही दिसत नाही, माणूस आठवडाभर दुसरंच शोधत बसतो. मीटर किलोओमवर ठेवून दोन्ही टोकांना लावा. लांब वायरचा आकडा जास्त, आखूडचा कमी, हे ठीक. गाडीच्या पुस्तकात मर्यादा दिली असेल तर ती धरा, नसेल तर चारही वायर एकमेकींशी ताडून बघा. एकीचाच आकडा लांबीच्या मानाने भलताच चढला किंवा मीटर काहीच दाखवेना, तर सापडलं. मीटर लावलेला असतानाच वायर हळूहळू वाकवून बघा. सरळ असताना चांगली आणि वाकवल्यावर तुटणारी वायर मी कितीदा तरी पाहिली आहे.

चारही वायरचे आकडे चांगले आले तर दोन्ही कॉईल आपसात बदला. कोड १ आणि ४ वर गेला तर कॉईल खराब.

टोपीच्या आत बोट घाला. तेल लागलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग गळतंय. ते न बदलता नवी वायर घातलीत तर तेलाने तिचं रबरही फुगून मऊ पडेल. प्लगही काढून बघा, पण आधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर माती सिलिंडरमध्ये. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथूनच उतरतोय. तो प्लग नवा असला तरी टाकून द्या, कारण ती रेघ नव्या टोपीलाही जाळते. चिनीमाती लोखंडाला मिळते तिथे तपकिरी वलय असेल तर ते मात्र निर्धोक, त्यावर पैसे घालवू नका.

बदलताना चारचा सेट घ्या, एक सुटी नको. एक काढा, तिच्याच लांबीची नवी बसवा, मग दुसरी. चारही एकदम काढून ठेवल्या आणि अदलाबदल झाली तर गॅसवर बॅकफायर होतो, म्हणजे गॅस उलटा हवेच्या वाटेत पेटतो. एअर फिल्टरचा डबा फुटलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर खराब होतं. खट्ट आवाज येईपर्यंत दाबा. कंपनीने दिलेल्या क्लिपांतूनच वायर न्या, सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकू देऊ नका. बाजारात जाड, रंगीत, आत नुसती तांब्याची तार असलेल्या वायर मिळतात, त्या लावू नका. त्यांच्या खरखरीने ईसीएमचे सिग्नल बिघडतात.

ह्यूस्टनकर:

वायरमन काकांच्या क्लिपांच्या मुद्द्याला जोड देतो. माझ्याकडे १९८८ ची शेवरलेची पिकअप आहे, ५.७ लिटरची व्ही८, डिस्ट्रिब्युटरवाली. तिचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. म्हणजे ५ आणि ७ लागोपाठ पेटतात आणि दोन्ही एकाच बाजूला शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या वायर एकत्र बांधून समांतर नेल्या तर ५ च्या करंटने ७ च्या वायरमध्ये करंट उठतो आणि ७ वेळेआधी पेटू शकतो. वायर नव्या असल्या तरी! म्हणून मी त्या दोघी क्लिपने लांब ठेवतो, कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. दिसायला नीटनेटकं म्हणून सगळ्या वायरची एक जुडी बांधणारे खूप भेटतात, तसं करू नका.

टोमॅटोवाला, नारायणगाव:

काका, सापडलं. दोन नंबरची वायर. सरळ धरली तेव्हा आकडा बाकीच्यांसारखाच होता, टोपीपाशी वाकवली की मीटर कोरा. त्या प्लगवर काळी रेघही होती, तुम्ही म्हणालात तशीच. टोपीत तेल नव्हतं. चार वायर आणि तो एक प्लग आणला, दुकानाच्या दारातच बसून एकेक करून बदलल्या. काल पावसात माळशेज चढलो, गॅसवरच, एकही धक्का नाही. इंजेक्टरला हात लावला नाही.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. चेक लाईट अजून पेटलेली आहे, ती आपोआप जाईल का? आणि जुन्या तीन वायर चांगल्या आहेत, त्या गाडीत ठेवू का?

मिरजेचा वायरमन:

छान केलंत. लाईट काही फेऱ्यांनी आपली आपण जाते, पण स्कॅनरने कोड पुसून घ्या. मग पुन्हा पी०३०२ आला तर तो नवा दोष हे लगेच कळेल. जुन्यांतली सगळ्यात लांब वायर ठेवा, ती चारही जागी पोचते. तिला पिशवीत गुंडाळून सीटखाली टाका, घडी घालू नका. आणि वॉशिंगला गाडी लावाल तेव्हा त्या पोराला सांगा, इंजिनवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही. प्लगच्या खड्ड्यात पाणी साठलं तर नव्या वायरनेही गाडी मिस मारेल.