नागपूरच्या उन्हाळ्यात ५८००एक्स ओव्हरक्लॉक करायचा आहे, कूलर कोणता घेऊ?

संत्रानगरी:
रायझेन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम. काम ब्लेंडरचं (थ्रीडी सॉफ्टवेअर), रात्र रात्र रेंडर चालतात. या प्रोसेसरच्या खोक्यात कूलर येत नाही, म्हणून तेव्हा एक लहान टॉवर कूलर बसवला होता. हिवाळ्यात अडचण नसते. एप्रिल लागला की रेंडर सुरू होताच तापमान ९० ला टेकतं आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) घसरतो. सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक करायचा विचार आहे. ३६० मिमी रेडिएटरचं लिक्विड कूलर घेऊ की हवेवरचा मोठा कूलर पुरेल? खोलीत एसी नाही, खिडकीत वाळ्याचा कूलर आहे. त्या दमट हवेनं बोर्ड खराब होईल का?

रात्रपाळी:
३६० घ्या. मात्र रेडिएटर कॅबिनेटमध्ये वर बसतो का, ते आधी मोजा.

हीटपाइप:
भाऊ, कूलरआधी ४.६ चा हिशेब बघा. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. समजा ४.४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि ४.६ ला १.३५. म्हणजे वेग वाढला साडेचार टक्के आणि वीज वाढली जवळजवळ एक तृतीयांश. ती सगळी उष्णता शेवटी तुमच्याच खोलीत येणार, कूलर पाण्याचा असो की हवेचा. शिवाय सगळे कोअर लॉक केले की एका कोअरला मिळणारा ४.७ च्या वरचा बूस्ट जातो, आणि ब्लेंडरमध्ये मॉडेलिंग करताना तोच कामाला येतो.

दुसरं म्हणजे यात आठही कोअर एकाच इवल्याशा चिपवर आहेत. तिथून उष्णता बाहेर काढणं हीच खरी अडचण आहे, त्यामुळे रेडिएटर दुप्पट केला म्हणून तापमान निम्मं होत नाही. कूलरचे रिव्ह्यू २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ७५ दिसलं तर तुमच्या ४० अंशांच्या खोलीत तेच ९० होणार, आणि ९० ही या प्रोसेसरची मर्यादाच आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: क्लॉक लॉक करू नका. बायोसमध्ये पीबीओ (बूस्टच्या मर्यादा बदलायची सोय) उघडा, त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह करा, म्हणजे कोअरना व्होल्टेज कमी मिळेल. सुरुवात सगळ्या कोअरना उणे १० पासून. उन्हाळ्यात पीपीटी (प्रोसेसरच्या विजेची मर्यादा) १४२ वॅटवरून १२० वर आणा. रेंडरचा वेळ थोडासाच वाढेल, तापमान मात्र चांगलं उतरेल. कूलर थर्मलराइट पीयरलेस असॅसिन १२० एसई किंवा त्या वर्गातला कुठलाही डबल टॉवर घ्या. सहा हीटपाइप, दोन पंखे, पंप बिघडण्याची भानगड नाही. उंची १५५ मिमी आहे, कॅबिनेटमध्ये तेवढी जागा हवी. रॅमवर उंच हीटसिंक असेल तर पुढचा पंखा वर सरकवावा लागेल.

दमट हवेचं म्हणाल तर हीटसिंक कायम खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. पण वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार आत बसतात.

संत्रानगरी:
खूप आभार दादा. व्होल्टेज कमी करून मशीन स्थिर आहे हे कसं ओळखायचं? सिनेबेंचची चाचणी पुरे का?

हीटपाइप:
नाही. सिनेबेंचमध्ये सगळे कोअर एकदम राबतात. कर्व्ह जास्त उतरवला असेल तर मशीन बहुतेकदा हलक्या कामात किंवा नुसतं चालू असताना रीस्टार्ट होतं. कोअरसायकलर रात्रभर लावा, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (WHEA, म्हणजे हार्डवेअरची) एरर दिसली तर त्या कोअरचा आकडा दोन-तीनने शून्याकडे आणा. सगळ्यात जास्त बूस्ट घेणारे दोन कोअर सहसा कमीच उणे सोसतात.

ट्युबलाइट:
एक भर. पुढच्या पंख्यांच्या जाळीवरची धूळ दर पंधरा दिवसांनी झटका, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये न काढता फ्रेम म्हणून काढा. रात्री मशीन बंद पडलं तरी जाईल ती एकच फ्रेम.