मिशनच्या प्रायमरीत लेकराला टाकावं का? जालन्यातल्या लोकांनी सांगा

जिंतूरची_लेक
नमस्कार, आम्ही जिंतूरहून जालन्याला आलोत, मिस्टरांना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात काम लागलं. पोरगी दुसरीत जाणार. घराजवळ ख्रिश्चन संस्थेची इंग्लिश मिडीयम शाळा हाय, पहिली ते चौथी. सासूबाई म्हणायल्यात तिथं रोज येशूची प्रार्थना करून घेतात. मला त्याचं एवढं काही नाही, टेन्शन वेगळंच हाय. इथं ओळखीचं कोणी नाही, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी, मी पण काम बघायले, उद्या काही अडचण आली तर शाळावाले नि बाकीचे पालक सांभाळून घेतात, का नुसती फीस घेऊन मोकळे? आणि आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही.

खडूवाल्या_बाई
मी संभाजीनगरला अशाच एका शाळेत शिकवते, मी स्वतः ख्रिश्चन नाही. परिपाठाला प्रार्थना असते हे खरंय, मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की बाकीची आमच्याकडं नीतिशिक्षणाला बसतात. संविधानाचं कलम २८(३) आहे, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. नाताळला येशूजन्माचा गोठा सजवतो तसं १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदनही करतो. आमच्या सिस्टर (नन) शाळा सुटायच्या वेळेला गेटवर उभ्या राहतात, कोणत्या लेकराला कोण न्यायला येतं ते त्यांना पाठ, नवीन माणूस आला की आईला फोन लावल्याशिवाय पोरगं सोडत नाहीत, मग बाहेर कितीका गर्दी होईना.

सेलूचा_अण्णा
फीसचं पण बोला ना कोणीतरी. आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याची) मोफत प्रवेशाची २५ टक्केवाली लॉटरी अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल हाय, त्यामुळं तिथं तो फॉर्म भरून वाट बघत बसू नका. थेट मुख्याध्यापकांना भेटून हप्ते पाडून मागा. आमचं सोयाबीन पावसात गेलं त्या साली मी अर्ज लिहून दिला, टप्प्यानं भरली, पोराला वर्गात कोणी काही बोललं नाही. पण सगळ्याच शाळा ऐकतात असं नाही बरं का, भाच्याचा निकाल एका शाळेनं फीससाठी अडवून धरला होता, नाव घेत नाही.

मावशी_जालना
आम्ही ख्रिस्ती, पिढ्यान्पिढ्या इथलेच. जालन्याला मिशन काही नवं नाही ताई, मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात इथं जवळच बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. आणि लोकांना वाटतं शाळा मिशनची म्हणजे बाहेरून पैसा येतो, तसं सगळीकडं नसतंय, बऱ्याच शाळा फीसवरच चालायल्यात, वर्गात आमची लेकरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. मदतीचं म्हणाल तर माझ्या नातीच्या वर्गातल्या एका पोराचे पप्पा कारखान्यात भाजले, तर आयांनी आपसात वार वाटून त्याचा डबा दिला, रिक्षावाल्या मामानं पैसे घेतले नाहीत, चर्चचे पाळकसाहेब दवाखान्यात जाऊन बसायचे, आणि ते घर काही ख्रिस्ती नव्हतं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात लेकरं खाऊचे पैसे डब्यात टाकतात, त्यातून कोणाच्या वह्या, कोणाचे बूट होतात, कोणाला दिले ते बाई वर्गात सांगत नाहीत, हे मला लई आवडतं. फक्त शाळेला कळायला पाहिजे, नवीन लोक लाजून गप्प बसतात.

जिंतूरची_लेक
सगळ्यांचे आभार, जीवात जीव आला. इंग्रजीचं मात्र कोणीच सांगितलं नाही 😅

खडूवाल्या_बाई
अहो पालकांशी आम्ही मराठीतच बोलतो. डायरीतलं कळलं नाही तर फोटो काढून मम्मी लोकांच्या ग्रुपवर टाका, कोणीतरी सांगतंच (त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचा पूर येतो तेवढा सहन करा). दुसरीला ट्यूशन लावू नका, बाईंना सांगा पोरगी मराठी शाळेतून आलीय, सुरुवातीचे काही महिने कच्चं जाईल. मराठी विषय तर २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांना सक्तीचाच हाय, त्यात ती पुढंच राहील. मिस्टरांच्या शिफ्टचं अॅडमिशनच्या वेळेलाच सांगून ठेवा, न्यायला येणाऱ्यांचे फोटो नि नंबर द्या.

सेलूचा_अण्णा
आणि जिंतूरच्या शाळेतून टीसी लवकर काढा, ऑनलाइन पण ट्रान्सफर टाकायला लावा, तिथंच लोकं अडकायलेत.